जाहिरातीतली आजी

इचलकरंजीच्या सुलक्षणा आवटेने किराणा, गॅस, मुलांची फी सगळं क्रेडिट कार्डावर भरून भरून पॉइंट साठवले होते. गुवाहाटीला नणंदेच्या मुलीचं बारसं होतं, आणि त्या पॉइंटांवर घरातले सगळे विमानाने जाणार होते.

सासूबाईंना घेऊन ती बँकेत गेली. तिथल्या धारवाडकर साहेबांना नियमापेक्षा नियम ऐकवायची हौस जास्त. ते म्हणाले, "पॉइंटांची तिकिटं फक्त कुटुंबाला. सासू कुटुंबात धरत नाहीत."

"आमच्या घरात धरतात, साहेब."

"घर तुमचं. बँक आमची."

सासूबाई पदर सावरून उठायला लागल्या. सुलक्षणाने त्यांना हाताला धरून बसवलं आणि साहेबांच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे बँकेची मोठी जाहिरात होती. विमानात नवरा, बायको, दोन मुलं आणि खिडकीपाशी हसणारी आजी. खाली लिहिलेलं, 'पॉइंट जमवा, सहकुटुंब फिरा'.

"साहेब, ही आजी कुणाची आई?"

"नवऱ्याची असेल. नाहीतर बायकोची."

"कुणाचीही असू दे, दुसऱ्याची ती सासूच ना? मग ती कुटुंबात कशी? की त्या दोघांतल्या एकाला विमानातून खाली उतरवणार?"

रांगेतली माणसं खो खो हसली. साहेबांनी मान वळवून जाहिरात पाहिली, बहुतेक पहिल्यांदाच नीट, आणि सासूबाईंचं नाव टाईप केलं.

"आजी, जागा कुठली देऊ?"

सासूबाई आता खुर्चीत ऐसपैस बसल्या होत्या. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तिला दिलीय तीच. खिडकीची."