लोकरीचा बोळा

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी उत्पलनगरात मृगांक नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका मेंढीच्या पोटी जन्म घेतला. आई त्याच दिवशी गेली. पिंगल नावाच्या मेंढपाळाने ते पिल्लू आपल्या कांबळ्यात गुंडाळले, दुधात बोट बुडवून चोखायला दिले आणि त्याचे नाव धवल ठेवले. पुढे धवल असा धिप्पाड झाला की पिंगलाने त्याच्या गळ्यात घंटा बांधून त्याला कळपाचा पुढारी केले.

पिंगल आणि त्याचा मुलगा रोहक दर उन्हाळ्यात वीस मेंढरांवर पडश्या लादून खिंडीपलीकडच्या सरोवराकाठी तळ ठोकायला जात. पडश्यांत सातू, भांडीकुंडी आणि राहुट्यांचे कापड असे. वाटेत दोन मुक्काम पडत आणि तिसऱ्या दिवशी खिंड लागे. आता पिंगल थकला होता, त्याला सगळेच धुरकट दिसू लागले होते. तरी त्या वर्षी त्याने सोबत यायचा हट्ट धरला.

"बाबा, दिसत नाही तर सरोवर बघणार कसं?" रोहक म्हणाला.

"पाण्यात हात बुडवायला डोळे कशाला लागतात? तू घंटा वाजती ठेव, मी तिच्या मागून येतो."

पिंगलाने आपल्या कळपाला एक रीत घालून दिली होती. जो पुढारी मेंढा सात उन्हाळे खिंड चढे, त्याची घंटा माथ्यावर सोडायची आणि त्याला वरच्या कुरणात कायमचे मोकळे करायचे. मात्र सातव्या चढणीत जो ओझ्यासकट खाली बसला, त्याची रवानगी खाटकाकडे. धवलाचा हा सातवा उन्हाळा होता. वाऱ्यावरून त्या कुरणाचा वास येई, आणि खरे सांगायचे तर बोधिसत्त्व झाला तरी त्याच्याही तोंडाला पाणी सुटे.

तिसऱ्या दिवशी ते बर्फाच्या कड्याखाली आले. आवाज झाला तर कडा कोसळतो, म्हणून तिथे सगळे श्वास रोखून चालत. रोहकाने घंटेत लोकरीचा बोळा कोंबला. कडा सुखरूप मागे पडला. पलीकडे पोचताच आधी बोळा काढायचा असतो, पण नेमकी तेव्हाच एका मेंढीची पडशी घसरली आणि सातू सांडू लागला. रोहक चरफडत ती आवळायला धावला. बोळा राहिला तो राहिलाच. त्यातच धुके उतरले.

धवल चालत होता, पण कान मागे होते. शेवटच्या मेंढरामागून म्हाताऱ्याच्या काठीची टकटक येत होती. एका वळणावर ती डावीकडे वळली, जिकडे दरी होती, आणि पुसट होत गेली.

धवलाने मान झटकली. घंटा मुकी. तो ओरडला, पण वीस मेंढरे बें बें करीत असता एकाच्या हाकेला कोण विचारतो? तो मागे वळला असता, तर अख्खा कळप त्याच्यामागून बर्फाच्या कड्याखाली गेला असता. माथ्यावरची दगडांची रास पन्नास पावलांवर होती. धवलाच्या मनात आले, "मी पुढे गेलो तर कुरण माझे आहे. पण ज्याच्या कांबळ्यात मला पहिली ऊब मिळाली, तो माणूस दरीत जाईल."

आणि धवल ओझ्यासकट खाली बसला.

रोहक धावत पुढे आला. "ऊठ रे! अरे, पन्नास पावलं राहिली. आत्ता बसलास तर मला तुला... ऊठ ना, माझ्या राजा!" त्याने शिंगे धरून ओढले, ढकलले, शेवटी एक काठीही मारली आणि मारून स्वतःच रडू लागला. धवल हलला नाही. ओझे जड झाले असेल म्हणून रोहक पट्टा सैल करायला वाकला, तेव्हा त्याचा हात घंटेला लागला. घंटा हलली, पण वाजली नाही.

"बाबा!" तो ओरडला. मागे धुक्याशिवाय कोणी नव्हते.

त्याने बोळा उपसून काढला, तसा धवल ताडकन उभा राहिला. रोहकाने पसाभर सातू पुढे धरून कळप थोपवला, आणि धवल घंटा वाजवीत एकटा खाली गेला.

पिंगल दरीच्या काठावर बसून होता. पुढे काठीला जमीन लागत नव्हती, आणि मागे कुठे वळावे ते कळत नव्हते. घंटा जवळ आली. "आलास होय?" म्हणत त्याने धवलाच्या मानेची लोकर मुठीत धरली, आणि दोघे एकेक पाऊल टाकीत वर आले.

माथ्यावर रोहक मान खाली घालून म्हणाला, "बाबा, हा ओझ्यासकट बसला. रीत तुम्हीच घालून दिली आहे."

"मग ती मोडायलाही मीच पुरेसा आहे. आपण त्याचं तोंड बांधलं, रोहका. बिचारा बसून बोलला." म्हाताऱ्याने चाचपडत घंटा सोडली. "जा बाळा. कुरण तुझं."

धवलाने गवताचा एक घास घेतला आणि परत येऊन तो पिंगलाच्या डाव्या हाताशी उभा राहिला. सरोवरापर्यंत तो तसाच चालला. काठावर पिंगलाने ओंजळभर पाणी घेतले. ती पहिली ओंजळ त्याने धवलाला पाजली, आणि मगच तो मोकळा मेंढा कुरणाकडे गेला.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्यांनी, ही कथा एका तरुण भिक्खूला सांगितली. विहारात लवकर पोचावे म्हणून तो आपल्या वृद्ध सोबत्याला वाटेत मागे टाकून आला होता. शास्ते म्हणाले, "त्या वेळचा रोहक तू होतास. पिंगल म्हणजे अजून वाटेतच असलेला तुझा सोबती, आणि धवल मेंढा मी होतो. मागे राहिलेल्यासाठी थांबणे, हीच करुणा."

भिक्खूने नुकतेच धुतलेले पाय पुन्हा धुळीत टाकले आणि तो आल्या वाटेने परत निघाला.