उस्तादांनी दांडा काढला

एकदा एका नेमबाजी मंडळात एक शिष्य होता, आणि त्याचा राग त्याच्याआधी खोलीत शिरत असे. नाव हिंदुराव. वय पस्तीस, दोन लेकरांचा बाप, मिशी भरदार. पण चहात साय दिसली तरी चहावाल्याच्या आजोबांपर्यंत पोचणारा. मंडळाच्या मागच्या खोलीत सरावाची काडतुसे भरण्याची रीतसर परवानगी होती, आणि ते काम तिथले वृद्ध शिकलगार त्याला शिकवीत होते. त्यांना सारा गाव उस्ताद म्हणे. साठ वर्षे त्यांनी बंदुका दुरुस्त केल्या, आणि एवढ्या बंदुकांत राहूनही त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. मीठ कमी पडले म्हणून ज्यांचा आवाज शेजारच्या घरात ऐकू जातो, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता हे काम काय असते ते सांगितले पाहिजे, नाहीतर अर्धे वाचक इथेच जांभई देतील. उडालेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, तिच्या बुडातली जळकी टोपी काढायची, नवी टोपी बसवायची, मग दारू, मग गोळी. ही टोपी म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी वस्तू. बंदुकीत तिच्यावर टोला बसला की ठिणगी पडते आणि दारू पेटते. यंत्रावर एका उभ्या नळीत अशा शंभर टोप्या एकावर एक रचलेल्या असतात. लोखंडी दांडा ओढला की खालची सरकपट्टी एक टोपी उचलते आणि पुंगळीखाली नेऊन ठेवते. इतके साधे. चालते तोवर सगळेच साधे असते.

दसऱ्यानंतर ते चालेनासे झाले. पाच पुंगळ्यांत एक टोपीवाचून बाहेर येई, कधी टोपी आडवी पडे, कधी सरकपट्टी मध्येच रुसून बसे. उस्ताद तेव्हा लेकीकडे मिरजेला गेले होते. हिंदुरावाने तीन दिवस यंत्राशी भांडण केले. नळी बदलली, स्प्रिंग बदलली, सरकपट्टीवर तेल ओतले, ते कमी वाटले म्हणून आणखी ओतले. यंत्राला त्याने जी नावे ठेवली ती इथे छापता येणार नाहीत. शेवटी त्याला कारण सापडले. रागीट माणसाला कारण नेहमी दुसऱ्याच्या घरी सापडते. टोप्या पुरवणारा चंपालाल शेठ खोटा माल खपवतो, हे त्याने ठरवले आणि त्याच दुपारी जिल्हा कचेरीला अर्ज लिहिला. शेठ लबाड आहे, त्याचा परवाना कायमचा रद्द करावा. परवाना गेला की शेठचे आजोबांपासूनचे दुकान बंद, हे त्याला पुरते ठाऊक होते. किंबहुना तेवढ्यासाठीच तो लिहिला होता. फक्त खोलीचे प्रमुख म्हणून उस्तादांची सही हवी होती.

चौथ्या दिवशी सकाळी उस्ताद आले. पिशवी खुंटीला लावतात न लावतात तोच अर्ज त्यांच्या नाकाखाली आला.

"सही करा, उस्ताद."

उस्तादांनी चष्मा पुसून तो वाचला. "अक्षर छान काढलंयस. शेठला बोलावलंस का?"

"त्याला कशाला?"

"ज्याचं दुकान बंद करायचं, त्याचं तोंड तरी बघू. मग सही."

शेठ आला. पन्नाशीच्या काठावरचा, स्थूल, घामाघूम. अर्जाची बातमी त्याच्या कानी आधीच गेलेली, म्हणून सोबत टोप्यांचे नवे खोके घेऊन आलेला. "हिंदुरावसाहेब, याच मालाची खोकी तीन गावी गेलीत. कुणाची तक्रार नाही."

"तीन गावी लबाडी केलीस म्हणजे ती खरी होते काय?"

"अहो, निदान बघा तरी."

"बघायचं काय राहिलंय? हे बघ." हिंदुरावाने पुंगळी ठेवली आणि दांडा ओढला. सरकपट्टी अर्ध्यावर गेली आणि अडली. त्याच्या कपाळाची शीर फुगली. गेले तीन दिवस हे लोखंड त्याला उलट उत्तर देत होते, आणि आज तर शेठच्या देखत. त्याने दोन्ही हात दांड्यावर ठेवले, पाय रोवला आणि सगळा भार घालायला तो वाकला.

उस्तादांनी त्याचे मनगट धरले. म्हाताऱ्याच्या पकडीत एवढी ताकद असेल असे त्याला वाटले नव्हते.

"सोड."

"उस्ताद, एकदा जोर लावला की..."

"सोड म्हणतो ना."

मग उस्तादांनी जे केले ते पाहून शेठसुद्धा घाम पुसायचा थांबला. त्यांनी नळी उतरवली, पुंगळी आणि पट्टीत अडलेली टोपी अलगद काढली, सगळ्या टोप्या एकेक करून डबीत ठेवल्या आणि डबी दूर खिडकीत नेऊन ठेवली. पाना घेतला, यंत्राचा हातभर लांबीचा लोखंडी दांडा काढला आणि बाकावर ठेवून स्वतः त्यावर बसले. कोपऱ्यात फाटका पडदा होता, त्यातली एक बांबूची कामटी उपसली आणि दांड्याच्या भोकात खोचली.

"आता चालव."

हिंदुरावाला वाटले, मिरजेला म्हाताऱ्याच्या डोक्याला ऊन लागले. "ह्या काडीनं? उस्ताद, परवा सामने आहेत. चेष्टा करायची वेळ आहे का ही?"

"रिकामं यंत्र आहे. टोपी नाही, पुंगळी नाही. सरकपट्टी नुसती पुढं जायला किती जोर लागतो? चालव."

त्याने रागाने कामटी ओढली. ती काडकन मोडली.

"दुसरी घे," उस्ताद म्हणाले.

दुसरीही मोडली. शेठच्या तोंडून हुंकारासारखे काही निघाले, आणि हिंदुरावाने त्याच्याकडे असे पाहिले की शेठने टोप्यांचे खोके छातीशी धरले. पडद्यात कामट्या पुष्कळ होत्या, पण उस्ताद कुठे घाईत होते. ते दांड्यावर बसल्या बसल्या गुणगुणत होते. हे गुणगुणणे हिंदुरावाला यंत्राच्या अडण्यापेक्षा जास्त झोंबले. सहा वर्षे ज्यांचे पाय धरले, ते आज त्याला एका लबाड दुकानदारासमोर काड्या मोडायला बसवीत होते.

तिसरी कामटी तरी शेठसमोर मोडायला नको, म्हणून त्याने ती दोनच बोटांत धरली. दोन बोटांत जोर येईना. तो हळूच खेचू लागला. कामटी वाकली, आणि वाकताना बोटांना कळले. सगळीकडे नाही, एकाच जागी. सरकपट्टी गुळगुळीत चालत होती, मग एका ठिकाणी बारीकसे काहीतरी तिला धरीत होते. त्याने पुन्हा मागे नेली, पुन्हा पुढे आणली. तीच जागा.

"इथं," तो म्हणाला. आवाज खाली आलेला त्याचा त्यालाच कळला नाही.

"मग तिथं उघड."

दोन स्क्रू काढले. सरकपट्टी उचलली. तिच्या खाचेत तेलाने काळा पडलेला एक थर होता, आणि त्यात रुतलेले काहीतरी. उस्तादांनी भिंग पुढे केले. हिंदुरावाने सुईच्या टोकाने ते बाहेर काढले आणि कागदावर ठेवले. अर्धा तांदूळ. वरून काळा, आतून लालसर.

हिंदुरावाने तो दाणा ओळखला.

खंडेनवमीला यंत्राची पूजा हिंदुरावानेच केली होती. कुंकवात भिजवलेल्या अक्षता, त्याही निवडून घेतलेल्या, एकही दाणा मोडका नाही. मंडळाच्या चिटणीसांनी चार दाणे टाकले तेव्हा हा त्यांच्यावर ओरडला होता, की शस्त्राला असे कंजूषपणाने पूजतात काय. आणि स्वतः त्याने मूठभर उधळल्या होत्या. थेट नळीवर.

"उस्ताद, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी इथं होतो कुठं? टोप्याच वाईट निघाल्या असत्या, तर मी सही केली असती." उस्ताद दांड्यावरून उठले. "पूजेत खोट नाही, तांदळातही नाही. दाणा चुकून अडकला, पट्टीखाली मोडला, कोणाकडूनही अडकेल. पण हा दांडा लांब आहे, हिंदुराव. लांब दांडा हाताला जोर देतो आणि बोटांना बहिरं करतो. यंत्र तीन दिवस तुला सांगत होतं, इथं दुखतंय, इथं दुखतंय. तू दर वेळी जास्त जोरानं ओढलंस. वरून तेल घातलंस, त्यानं दाणा पक्का चिकटला. आज सगळा भार टाकला असतास, तर आडवी पडलेली टोपी चिरडली असती, आणि तिच्या डोक्यावर नळीत आणखी शंभर. टोपी जोराचं ऐकते. एकदाच ऐकते. मग तुझे डोळे मी कुठून आणू? अन् हा अर्ज म्हणजे काय? तोही लांब दांडाच."

इथवर गोष्ट आली की शहाणे लोक माना हलवतात आणि घरी जातात. पण शेठ शहाणा नव्हता. शेठ कालपासून जेवला नव्हता.

"झालं?" तो म्हणाला, आणि त्याने खोके बाकावर आपटले. "तुमचं ज्ञान झालं? माझी बायको कालपासून रडतेय. पोरानं विचारलं, बाबा, आपण लबाड आहोत का? गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस. ओरडायला आधी, बघायला नंतर. तुझ्यासारखा माणूस टोप्यांच्या खोलीत ठेवलाच कोणी?"

हिंदुरावाची मूठ वळली. त्याला कोणी एवढे बोलले नव्हते, बापसुद्धा. उत्तर घशाशी आले, चांगले तिखट, तयार. आणि तिथे ते अडले. त्याने ते ढकलले नाही. शेठ बोलत राहिला, हिंदुराव ऐकत राहिला, आणि प्रत्येक वाक्य नेमके कुठे लागते आहे ते त्याला कळत गेले. शेठचा राग खरा होता. त्याच्या स्वतःच्या चार दिवसांच्या रागापेक्षा कितीतरी खरा.

शेठ दमून थांबला तेव्हा तो म्हणाला, "शेठ, तुमचा माल चांगला आहे."

"तोंडी नको. लबाड म्हणून कागदावर लिहिलंस. हेही कागदावर पाहिजे. मी ते दुकानात लावणार."

हिंदुरावाने उस्तादांकडे पाहिले. उस्ताद खिडकीतून बाहेर बघत होते. मदत मिळण्याची काही चिन्हे नव्हती. त्याने अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. शेठने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला, सावकाश वाचला आणि परत केला.

"'दिलगीर आहे' असं लिहिलंयस. दिलगीर तर पाहुणा न जेवता गेला तरी होतात. 'चुकलो' लिही."

हिंदुरावाचे कान तापले. त्याने क्षणभर पेन तसेच धरून ठेवले. मग 'दिलगीर आहे' यावर एक रेघ मारली आणि तिच्याखाली, हलक्या हाताने, 'चुकलो' असे लिहिले.