ठकूबाईचा कोपरा

आपल्या कुसवड्याच्या विहिरीला अजून पायऱ्याही नव्हत्या, इतकी जुनी ही गोष्ट. तेव्हा गावात ठकूबाई राहायची. लोकांच्या शेतात खुरपायला जायची आणि उपटलेलं तण फेकून न देता ओच्यात भरून घरी न्यायची. माका, आघाडा, घेटुळी. कुणाला विंचू चावला, कुणाचं पोट धरलं, की माणसं तिच्या दारात. तिचा हात लागला की निम्मं दुखणं तिथंच उतरायचं, असं म्हणतात.

ज्याच्या शेतात ती खुरपायची, त्या राघू शेलाराला मात्र ती खपायची नाही. तणाची मुळं ही मुद्दाम जमिनीत ठेवते, असं म्हणून त्यानं तिला कामावरून काढलं आणि उन्हाळ्यात बांधासकट सगळं रान जाळलं.

त्याच उन्हाळ्यात त्याची लेक मंजुळा माहेरी बाळंत झाली. बाळ खणखणीत, पण आईच्या अंगावर सूज चढली. पाय खांबासारखे झाले, डोळे मिटले, लघवी बंद झाली. राघू धावत ठकूबाईकडे गेला. तिनं मागचं काही काढलं नाही.

"सुजेला घेटुळीचं ओलं मूळ पाहिजे," ती म्हणाली. "तुझ्या बांधावर होतं."

"बांध मीच जाळला गं," राघू म्हणाला.

ठकूबाई तशीच उन्हात निघाली. बांधावरच्या राखेत बसली, जमिनीवर तळवा टेकला आणि म्हणाली, "ये गं बाई वर. पोरीचा जीव अडलाय."

असं म्हणतात, ना पाऊस ना दव, पण तिच्या बोटांमधून लालसर कोंब वर आला. बघता बघता सगळा बांध हिरवा झाला.

मूळ ठेचून, उकळून तिनं मंजुळेला पाजलं. दिवेलागणीला लघवी सुटली. सकाळी मंजुळेनं डोळे उघडले.

"आबा, बाळाला इकडं द्या," ती म्हणाली. राघूला हुंदका फुटला. सगळ्या आळीचा जीव भांड्यात पडला.

"काय देऊ तुला, ठकूबाई?"

"शेताचा एक कोपरा खुरपू नकोस. तेवढा माझा."

पुढं म्हातारपणी, एका श्रावणात, ठकूबाई बांधाबांधानं चालत गेली ती परत आलीच नाही. हिरव्यात हिरवी होऊन गेली, असं म्हणतात.

कुसवड्यात अजूनही खुरपणी संपताना बायका एक कोपरा तसाच सोडतात. खुरपी खाली ठेवतात, पदरानं घाम पुसतात आणि म्हणतात, "हे तुझं गं, ठकूबाई."