विमानाच्या नाकातला दगड

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात, नदीकाठच्या एका वाडीत, एक मुलगी दूरदेशाहून शिकून परत आली.

ती तिकडे इंजिनं घडवायला शिकली होती. त्या काळी इंजिनं कुठली, असं विचारू नका. त्या राज्यात ती होती. आत्यानं तिला अगदी लहानपणी धाडलं होतं. परक्या गावच्या थंडीत झोप लागली नाही, की ती डोळे मिटून आपली वाडी ऐकायची. घरोघर जाती फिरतायत, बायका दळता दळता गातायत, आणि त्या घरघरीत आपण आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडलो आहोत. परत गेल्यावर पहिल्या पहाटे हेच ऐकायला मिळणार, असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

पहिली पहाट झाली. कोंबडा आरवला, गाई हंबरल्या. पण सगळ्या वाडीत एकही जातं फिरलं नाही.

"आत्या, जाती कुठं गेली गं?"

"हात दुखतात आता," आत्या म्हणाली. "टेकडीपलीकडं पाणचक्की आहे. तिथून आणतो पीठ."

मूठभर पिठासाठी टेकडी ओलांडायची! पण मुलीला वेगळंच वाटलं. माझ्या माणसांना यंत्राची किंमत कळली, असं वाटून तिला आनंद झाला. मोठ्या उत्साहात असलेल्या माणसाला पुष्कळदा हवं तेच दिसतं.

ती दूर असताना राज्यात युद्ध झालं होतं. एका लढाऊ विमानाच्या जोरावर राजानं ते जिंकलं, एवढी बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. आता ते विमान गंजून मोडीत निघालं होतं. राजानं मुलीला बोलावून घेतलं.

"पोरी, विजयाच्या दिवशी त्या विमानाची छोटी प्रतिकृती मैदानावर उडली पाहिजे. खाली उभं राहून, हातातल्या पेटीनं, तारेवाचून चालवायची. तसंच दिसलं पाहिजे, तसंच उडलं पाहिजे, आणि तसंच वाजलं पाहिजे. जमलं, तर मागशील ते देईन."

मुलीनं क्षणाचाही विचार केला नाही. "महाराज, इंजिनं शिकवणारी शाळा द्या. आमच्या पोरांना शिकायला एवढं लांब जावं लागू नये."

"दिली," राजा म्हणाला. "पण आवाज विसरू नकोस."

मुलगी कामाला लागली. हातभर पंखांचं विमान तयार झालं. रंग तोच, खिळे तेच. अंगणात बसून ती ते दोन बोटांवर तोलायची, आणि दर वेळी शेपूट खाली जायचं.

आत्या भाकरीचं पीठ मळता मळता बघत होती. "नकटं आहे गं हे तुझं. कोण करून घेणार याला?"

"खऱ्याचं नाक एवढंच होतं, आत्या. ते वाढवता येत नाही. म्हणून नाकात वजन हवं."

"एवढंसं पाखरू, आणि लाड जावयाचे!"

मुलगी हसली. तिच्यापुढं तीन इंजिनं मांडलेली होती. एक पेट्रोलवर चालणारं, लहान आणि चपळ. पण ते चिडलेल्या डासासारखं किंचाळायचं. दुसरी बॅटरीवरची मोटर. ती फिरली की नुसती पात्यांची सळसळ ऐकू यायची. तिला मुलगी 'मुकी' म्हणायची. ही दोन्ही हलकी. यांतलं कुठलंही घातलं, तर नाकात शिसं भरावं लागणार. शिसं म्हणजे फुकटचं ओझं. तिसरं इंजिन तिनं स्वतः घडवलं होतं. ते जड होतं, संथ होतं. नाकात बसवलं की तोल आपोआप सावरायचा. आणि आवाज? युद्धातल्या शिपायांना विचारविचारून तिनं तो जुळवला होता. "याचाच आवाज जुळतो बघ, आत्या," ती म्हणाली.

"कसला आवाज?" आत्यानं विचारलं.

"ऐकशीलच की संध्याकाळी."

पीठ मळलेले हात तसेच घेऊन आत्या आत गेली.

संध्याकाळी चुली पेटल्या. मुलीनं इंजिन एका लाकडी घोडीवर घट्ट बांधलं आणि पातं फिरवलं. इंजिन दोनदा खोकलं, मग लागलं. खोल, भरदार घरघर वाडीभर पसरली. मुलीचं ऊर भरून आलं. जमलं! शाळा मिळाली!

तेवढ्यात तिची नजर वर गेली. पलीकडच्या घरातून भपकन वाफ आली. मग शेजारच्या. मग सगळ्याच. दारं धडाधड लागली. एका बाईनं पोरांना ओढत गोठ्यात नेलं. मुलीनं वळून पाहिलं, तर आत्या चुलीवर घागर उपडी करत होती. तव्यावरची भाकरी पाण्यात भिजत होती.

मुलीनं इंजिन बंद केलं. किती तरी वेळ वाडीत कुणी दार उघडलं नाही.

"आत्या, काय झालं?"

आत्या ओल्या राखेपाशी बसली होती. "तो आवाज आला की चुली विझवायच्या. धूर दिसू द्यायचा नाही."

"कुणाचं विमान होतं? शत्रूचं?"

"शत्रूचं असतं तर ओरडून सांगितलं असतं." आत्यानं राखेत बोट फिरवलं. "आपलंच होतं गं. धुक्याची पहाट होती. बायका दळत होत्या. त्या घरघरीत ते डोक्यावर आलेलं कळलंच नाही कुणाला. पेटलेल्या चुली बघून त्याला शत्रूचा तळ वाटला, आणि त्यानं वाडीवरच आग ओतली. तेव्हापासून जाती बंद. कान मोकळे राहिले पाहिजेत."

"आणि कुणी राजाला विचारलं नाही?"

"दुसऱ्याच दिवशी त्या विमानानं लढाई जिंकली. गावोगाव ढोल वाजत होते. ढोलात आमचं कोण ऐकणार?"

आत्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घाल तू तुझं इंजिन. एका दिवसाचा तर आवाज. शाळा होईल. आम्ही चुली विझवून बसू."

ते शब्द मुलीला रागावण्यापेक्षाही जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जड इंजिन विमानातून काढलं आणि मुकी मोटर बसवली. शिसं मात्र तिनं घेतलं नाही. मोरीपाशी एक फुटका दगड पडलेला होता. पाय घासण्याचा म्हणून तिनं तो रोज पाहिला होता. आज तिनं नीट पाहिला. तो जात्याचा अर्धा दगड होता.

"आत्या, यातला तुकडा घेऊ?"

आत्यानं दगडावरून हात फिरवला. "घे. आता दळायचं तर नाही त्याला. एकदा उडू दे."

विजयाच्या दिवशी ढोल थांबले आणि विमान मैदानावर आलं. तोल अचूक होता. ते लोकांच्या डोक्यावरून गेलं, तेव्हा नुसती पात्यांची सळसळ झाली. एवढी शांतता पसरली, की राजाचा प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"पोरी, आवाज कुठं आहे?"

मुलगी उत्तर देणार, तोच मागं बसलेल्या वाडीच्या माणसांतून आत्या उठली. "आवाज आमच्याकडं आहे, महाराज."

आणि तिनं त्या पहाटेची हकीगत सांगितली. मग दुसरी बाई उठली. मग एक म्हातारा. विमान मुकं होतं, म्हणून माणसं बोलली. राजा खाली मान घालून ऐकत राहिला. शाळेचं नाव त्यानं काढलं नाही, मुलीनंही काढलं नाही.

पण त्यानंतरच्या एका पहाटे वाडीत कुणी तरी जातं फिरवलं. थोडंसंच. मग थांबून कान दिला, आणि पुन्हा फिरवलं.

जुना पराक्रम हुबेहूब उभा करण्याआधी, तो कुणाच्या अंगावरून गेला होता, हे विचारावं.