संकल्पनेतून साकार

लोहारगल्लीत बाकडं बसो की दिवा लागो, वर पाटी ठरलेली: ‘नगरसेवक आबासाहेब ढमाले यांच्या संकल्पनेतून साकार’. पण गल्लीच्या तोंडाशी गटार फुटलं, घाण उंबऱ्याला लागली, पोरं तापानं फणफणली, तेव्हा मात्र आबासाहेबांना सवड मिळेना.

गल्लीतली म्हातारी हौसाबाई हात जोडत फिरणारी बाई नव्हे. तिनं रंगाचा डबा आणला, फळीवर तीच अक्षरं रंगवली आणि पाटी फुटक्या गटाराशी उभी केली. गल्ली पोट धरून हसली. दुपारपर्यंत शहरभर फोटो फिरले.

आबासाहेब धापा टाकत आले. “म्हातारे, गटारावर माझं नाव? काढ आधी ती पाटी!”

“पाटीत काय खोट आहे, आबा? अक्षर न् अक्षर तुमचंच. खोट गटारात आहे. ते नीट करा, हीच पाटी तुम्हाला शोभून दिसेल.”

पाटी उपटावी तर सगळी गल्ली बघतेय, ठेवावी तर गटार वाहतंय. संध्याकाळच्या आत माणसं आली आणि गटार दुरुस्त झालं.

शेजारणी पाटी काढायला निघाल्या, तशी हौसाबाई म्हणाली, “राहू द्या गं. ही संकल्पना कुणाची, ते गल्लीला ठाऊक आहे.”