टिकलीचा दाणा आणि न फिरणारा पंखा

एक होती मुंगी. तिचं नाव टिकली.

टिकलीला आज साखरेचा दाणा सापडला. एकटीने शोधलेला. अगदी पहिलावहिला.

दाणा घेऊन टिकली घरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वाटेत होता अण्णांचा जुना कॉम्प्युटर. टिकली त्याच्या डब्यावर चढली. डब्याला वर फटी होत्या. टिकलीचा पाय घसरला.

टुप्‌.

दाणा गेला आत.

टिकली फटीत वाकली. आत गरम गरम. पाय भाजतील असं. आत एक पंखा होता. दाणा त्याच्यापुढेच पडला होता.

टिकली म्हणाली, "पंख्या, पंख्या, फिर ना. फूं कर. माझा दाणा बाहेर उडव."

पंखा म्हणाला, "खुट् खुट्. फिरतोय कसला. माझ्या पाठीत काहीतरी अडकलंय. ब्रश झाडेल, तर मी फिरेन."

"काय अडकलंय?"

"तुला तुझी पाठ दिसते का?"

टिकलीने वळून बघितलं. नव्हती दिसत.

मग ती गेली ब्रशकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"ब्रशा, ब्रशा,
पंखा फिरेना,
दाणा माझा बाहेर येईना."

ब्रश म्हणाला, "एवढ्याशा फटीत मी मावतो का? झाकण उघडेल, तर मी झाडेन."

टिकली गेली झाकणाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"झाकणा, झाकणा,
ब्रश झाडेना,
पंखा फिरेना,
दाणा माझा बाहेर येईना."

झाकण म्हणालं, "मला चार स्क्रू आहेत. चारही घट्ट. स्क्रूड्रायव्हर वळेल, तर मी उघडेन."

टिकली गेली खणात. खणात स्क्रूड्रायव्हर लोळत होता.

"स्क्रूड्रायव्हरा, स्क्रूड्रायव्हरा,
झाकण उघडेना,
ब्रश झाडेना,
पंखा फिरेना,
दाणा माझा बाहेर येईना."

स्क्रूड्रायव्हर म्हणाला, "मी आपला आपण वळत नाही. केतकीकाकू धरेल, तर मी वळेन."

केतकीकाकू म्हणजे अण्णांची सून. नवी नवी. हातात हिरवा चुडा. टिकली तिच्या बोटावर चढली.

"काकू, काकू,
स्क्रूड्रायव्हर वळेना,
झाकण उघडेना,
ब्रश झाडेना,
पंखा फिरेना,
दाणा माझा बाहेर येईना."

काकू हळूच म्हणाली, "मला येतं गं उघडता. पण कॉम्प्युटर अण्णांचा. आणि मी या घरात नवी. अण्णा हो म्हणतील, तर मी धरेन."

टिकली गेली अण्णांकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

अण्णा कॉम्प्युटर सुरू करत होते. घुर्रर्र... टुक्‌. बंद पडला. पुन्हा बटण दाबलं. घुर्रर्र... टुक्‌. पुन्हा बंद.

"अण्णा, अण्णा,
काकू धरेना,
स्क्रूड्रायव्हर वळेना,
झाकण उघडेना,
ब्रश झाडेना,
पंखा फिरेना,
दाणा माझा बाहेर येईना."

अण्णा म्हणाले, "उघडायचं नाही. तो म्हातारा झालाय. म्हाताऱ्यांना विश्रांती द्यायची असते."

टिकली म्हणाली, "म्हातारा झालाय, तर आतून खुट् खुट् का करतो?"

"कुठे करतो?"

"कान लावा."

अण्णांनी बटण दाबलं. डब्याला कान लावला.

खुट् खुट्. खुट् खुट्.

"करतो खरा," अण्णा म्हणाले. मग दुसरा कान लावला. त्याही कानाला तेच.

"केतकी, ये बरं इकडे. आत काय आहे ते बघू."

अण्णा हो म्हणाले.
काकूने आधी बटण बंद केलं. मग पिन काढली. मग स्क्रूड्रायव्हर धरला.
स्क्रूड्रायव्हर वळला. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.
झाकण उघडलं. खटक्‌.
ब्रश झाडू लागला. सर्र सर्र. धूळच धूळ. अण्णा शिंकले. आक्‌छी.

आणि पंख्याच्या पाठीतून काय निघालं?

झेंडूचं फूल. वाळलेलं. चपटं.

अण्णा फुलाकडे बघत राहिले. "दसऱ्याला पूजेत मीच वाहिलं होतं हे. पडू नये म्हणून फटीत खोचलं."

"नाही पडलं, अण्णा," काकू म्हणाली. "अगदी घट्ट बसलं."

अण्णा हसले. काकूही हसली.

"पण माझा दाणा?" टिकली म्हणाली.

काकूने पिन लावली. बटण दाबलं. सगळे वाकून बघू लागले.

पंखा जरा हलला. थांबला. पुन्हा हलला.

गर्र. गर्र गर्र. गर्र गर्र गर्र.

फूं.

दाणा उडाला. टुणकन टेबलावर पडला. थेट टिकलीच्या पुढ्यात.

कॉम्प्युटर चालू झाला. चालूच राहिला. अण्णा त्याच्याकडे बघत बसले. टिकलीने नाही बघितलं. तिने दाणा उचलला आणि घरी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

घरी गेल्यावर काय म्हणाली?

काहीच नाही. तिच्या तोंडात साखर आहे. आता ती बोलायची नाही. आपणही गप्प बसू.