बगळ्याच्या पंखाखालचा पुडा

झाडांच्या ढोल्यांवरून पाखरांत खटले चालत, त्या काळची गोष्ट. साळुंकीच्या ढोलीवर पोपटाने हक्क सांगितला. ढोली आपलीच, हे दाखवायला तिच्याकडे तिथल्या तीन विणींच्या अंड्यांची निळी टरफलं होती; पोपटाची अंडी पांढरी. ती पळसाच्या पानात बांधून तिने बगळे वकिलांकडे दिली. सुनावणीच्या सकाळी बगळ्याने तो पुडा पंखाखाली दाबला.

"आधी फीचे मासे, साळुंकीबाई. पुडा मग."

"मी कधी मासा धरलाय का? उंबरं पिकली की देईन, असं ठरलं होतं ना!"

"ते तेव्हा."

पिल्लांना आता निजवायचं कुठे, अशी धास्ती तिला वाटली. आपलंच काही चुकलं असेल, असंही वाटून गेलं. तरी ती न्यायाधीश कासवापुढे ताठ उभी राहिली.

"पुरावा?" कासवाने विचारलं.

"वकीलसाहेबांच्या पंखाखाली आहे. कुणाचा, ते त्यांनाच विचारा."

"हिचाच!" बगळा फणकारला. "हिच्याच ढोलीतली टरफलं! पण फी मिळेपर्यंत सोडणार नाही."

"ऐकलंत ना?" साळुंकी म्हणाली.

"ऐकलं. ढोली साळुंकीची," कासव म्हणालं.

बगळ्याने घाईघाईने पुडा पुढे केला.

"राहू द्या तुमच्याकडेच," साळुंकी म्हणाली. "उंबरं ठरल्या वेळी पोचतील." आणि ती पिल्लं मोजायला घरी उडाली.